मुदतीचा कायदा कायमचा कसा होतो: टाडापासून यूएपीएपर्यंत

मे १९८५ मध्ये दिल्लीत आणि उत्तर भारतातील काही ठिकाणी ट्रान्झिस्टर रेडिओमध्ये दडवलेले बॉम्ब फुटले आणि अनेक निरपराध माणसे मेली. इंदिरा गांधींच्या हत्येला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते, पंजाब धुमसत होता आणि रस्त्यात पडलेल्या बेवारस वस्तूला हात लावायची लोकांना भीती वाटत होती. त्याच महिन्यात संसदेने दहशतवादी आणि विघातक कारवायांना प्रतिबंध करणारा कायदा मंजूर केला, जो पुढे ‘टाडा’ या नावाने ओळखला गेला. त्याची मुदत दोन वर्षे होती. परिस्थिती असाधारण आहे, म्हणून कायदाही असाधारण आणि तेवढ्यापुरताच, असा त्यामागचा विचार होता.

आज टाडा अस्तित्वात नाही आणि त्याच्यानंतर दहशतवादाविरुद्ध आलेला ‘पोटा’ हा कायदाही नाही. तरीही त्या दोन कायद्यांतील काही महत्त्वाची कलमे आज आपल्या कायद्यांत आहेत, त्यांना कोणतीही मुदत नाही आणि त्यांतील एक व्याख्या तर आता सर्वसाधारण फौजदारी कायद्यातही जाऊन बसली आहे. हे कोणा एका सरकारने एका दिवसात केलेले नाही. वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांनी वेगवेगळ्या हल्ल्यांनंतर, प्रत्येक वेळी लोकांच्या खऱ्या भीतीला उत्तर म्हणून, एकेक पाऊल टाकले. ती पावले कोणती आणि त्यांचा अटक झालेल्या माणसाच्या आयुष्यावर नेमका काय परिणाम होतो, हे समजून घ्यायचे असेल तर आधी साध्या कायद्यात माणसाला कोणते संरक्षण असते ते पाहावे लागते.

समजा, एखाद्याला चोरीच्या किंवा अगदी खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदानुसार त्याला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावे लागते. पोलीस कोठडी जास्तीत जास्त १५ दिवसांची असते आणि त्यानंतर त्याची रवानगी न्यायालयीन कोठडीत होते. गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्कच मिळतो. त्याला ‘डिफॉल्ट जामीन’ म्हणतात. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यापासून चालत आला आहे, म्हणजे कोठडीत कबुलीजबाब कसे मिळवले जातात याची कल्पना इंग्रज राज्यकर्त्यांनाही होती. आणि शेवटी, गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची असते. आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करण्याचे ओझे आरोपीवर नसते.

टाडाने यांतील जवळजवळ प्रत्येक गोष्ट बदलली. दोषारोपपत्राशिवाय माणसाला एक वर्षापर्यंत कोठडीत ठेवता येऊ लागले. पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याने नोंदवलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य ठरला. जामीन द्यायचा तर आरोपी दोषी नाही असे मानायला सबळ कारण आहे, अशी न्यायाधीशाची खात्री पटणे आवश्यक झाले, आणि खटला सुरूही झालेला नसताना अशी खात्री पटवणे जवळजवळ अशक्य असते. ‘विघातक कारवाई’च्या व्याख्येत कृतीबरोबर भाषणही आले.

१९८७ मध्ये टाडाची जागा नव्या टाडाने घेतली आणि त्याची मुदत १९८९, १९९१ आणि १९९३ मध्ये वाढवली गेली. पंजाबसाठी आलेला कायदा देशातील बहुतेक राज्यांत लागू झाला. गुजरातमध्ये त्या काळात पंजाबसारखा दहशतवाद नव्हता, तरीही तिथे हजारो लोकांना टाडाखाली अटक झाली. आपल्याकडे टोळीयुद्धांच्या आणि खंडणीच्या प्रकरणांतही तो वापरला जाऊ लागला, इतका की १९९४ मध्ये ‘हितेंद्र विष्णू ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला स्पष्ट सांगावे लागले की प्रत्येक गंभीर गुन्हा म्हणजे दहशतवाद नव्हे. एकूण ७६ हजारांहून अधिक लोकांना टाडाखाली अटक झाली आणि दोषसिद्धीचे प्रमाण दोन टक्क्यांहूनही कमी राहिले.

या कायद्याची वैधता मात्र न्यायालयात टिकली. १९९४ च्या ‘करतार सिंग विरुद्ध पंजाब राज्य’ या निकालात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने टाडा वैध ठरवला. पोलिसांसमोरच्या कबुलीजबाबाच्या कलमाला न्या. के. रामस्वामी आणि न्या. आर. एम. सहाय यांनी विरोध नोंदवला, पण ते अल्पमतात होते. टाडा थांबला तो न्यायालयामुळे नव्हे, मुदतीमुळे. १९९५ मध्ये ती संपत आली तेव्हा राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे अध्यक्ष न्या. रंगनाथ मिश्रा यांनी खासदारांना पत्र लिहून मुदतवाढ न देण्याची विनंती केली, देशभरातून विरोध झाला आणि मे १९९५ मध्ये कायदा संपुष्टात आला. मुदत लिहिलेली असल्यामुळेच संसदेला दर दोन वर्षांनी हा प्रश्न पुन्हा हाताळावा लागत होता, हे इथे नोंदवून ठेवायला हवे, कारण पुढच्या सगळ्या कथेत तीच गोष्ट नाहीशी झालेली दिसते.

टाडा गेल्यावर चार वर्षांनी महाराष्ट्राने संघटित गुन्हेगारीसाठी स्वतःचा कायदा केला. हाच तो १९९९ चा ‘मकोका’. मुंबईतील टोळ्यांनी त्या काळात उद्योजकांना, बांधकाम व्यावसायिकांना आणि चित्रपटसृष्टीतील लोकांना जेरीस आणले होते आणि कडक कायद्याची मागणी खरी होती. मकोकात पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब परत आला, दोषारोपपत्रासाठी १८० दिवस आले, जामिनाची तीच कठोर अट आली. मुदत मात्र आली नाही. हा कायदा आजही लागू आहे.

ऑक्टोबर २००१ मध्ये, अमेरिकेवरील हल्ल्यानंतर काही आठवड्यांतच, केंद्र सरकारने पोटाचा अध्यादेश काढला. डिसेंबरमध्ये संसदेवरच हल्ला झाला. विधेयक राज्यसभेत नामंजूर झाले, तेव्हा २६ मार्च २००२ रोजी दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक बोलावण्यात आली आणि तिथे ४२५ विरुद्ध २९६ मतांनी ते मंजूर झाले. पोटाला तीन वर्षांची मुदत होती. टाडाच्या अनुभवातून शिकून त्यात काही सावधगिरीही बाळगली होती: कबुलीजबाब देणाऱ्याला ४८ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करणे बंधनकारक होते आणि जामिनाची कडक अट एका वर्षानंतर शिथिल होण्याची सोय होती. तरीही तमिळनाडूतील खासदार वायको यांना एका सभेतील भाषणासाठी जुलै २००२ मध्ये पोटाखाली अटक झाली आणि त्यांनी दीड वर्षाहून अधिक काळ तुरुंगात काढला. काही महिन्यांपूर्वी संसदेत त्यांनीच या कायद्याला पाठिंबा दिला होता.

कडक कायदा आला की तपास आपोआप चांगला होतो, या समजुतीला सर्वात कठोर उत्तर अक्षरधाम प्रकरणाने दिले. सप्टेंबर २००२ मध्ये गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरावर हल्ला झाला आणि तीसहून अधिक लोक मारले गेले. पोटाखाली सहा जणांना दोषी ठरवण्यात आले, त्यांपैकी तिघांना फाशीची शिक्षा झाली आणि उच्च न्यायालयाने ती कायम केली. १६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. खटला प्रामुख्याने कबुलीजबाबांवर उभा होता आणि ते विश्वासार्ह नव्हते. खटल्याला परवानगी देणाऱ्या सरकारने त्यावर विचारच केला नव्हता, असे न्यायालयाने म्हटले. कबुलीजबाब सहज मिळतो तेव्हा रक्ताचे नमुने, दूरध्वनीच्या नोंदी, प्रत्यक्ष पाहणारे लोक यांच्यामागे लागण्याची निकड उरत नाही, आणि मग खरा गुन्हेगार सुटतो. त्या मंदिरात ज्यांची माणसे गेली त्यांच्या दृष्टीनेही हा कायदा निरुपयोगी ठरला, हे त्याचे समर्थन करणाऱ्यांनी विचारात घ्यायला हवे.

२००४ मध्ये नव्या सरकारने पोटा रद्द केला. अनेकांनी तो नागरी स्वातंत्र्याचा विजय मानला. पण त्याच वेळी १९६७ पासून अस्तित्वात असलेल्या ‘बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्या’त, म्हणजे यूएपीएमध्ये, दुरुस्ती करून दहशतवादावरील प्रकरण त्यात घालण्यात आले आणि त्यातील बराच मजकूर पोटातून घेतलेला होता. मूळ यूएपीए हा मुख्यतः संघटनांवर बंदी घालण्याचा कायदा होता. पोलिसांसमोरच्या कबुलीजबाबाचे कलम या वेळी वगळले गेले, हे मान्य करायलाच हवे. परंतु पोटाला मुदत होती आणि यूएपीए कायमचा कायदा होता. तात्पुरती म्हणून आणलेली तरतूद कायमच्या कायद्यात हलवली गेली आणि ज्या दिवशी ती हलली त्या दिवशी लोक पोटा गेल्याचा आनंद मानत होते. माझ्या मते या चाळीस वर्षांतील सर्वात निर्णायक क्षण हाच आहे, आणि त्याची चर्चा सर्वात कमी झाली.

मग २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आली. मुंबईत १६६ जणांचे प्राण गेले. देशभरात संताप होता आणि तो रास्त होता. तीन आठवड्यांत, १७ आणि १८ डिसेंबरला, लोकसभा आणि राज्यसभेने यूएपीएची नवी दुरुस्ती आणि राष्ट्रीय तपास यंत्रणेचा, म्हणजे एनआयएचा कायदा मंजूर केला. या दुरुस्तीने पोलीस कोठडी ३० दिवसांपर्यंत आणि दोषारोपपत्राची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवण्याची सोय केली, अटकपूर्व जामीन बंद केला आणि ४३ड हे कलम आणले, ज्याच्या पाचव्या उपकलमावर आज शेकडो माणसांचे स्वातंत्र्य अवलंबून आहे. पोटात एका वर्षानंतर शिथिल होणारी अट इथे वेळेच्या कोणत्याही बंधनाशिवाय आली.

या ठिकाणी कसाबच्या खटल्याकडे बारकाईने पाहणे आवश्यक आहे, कारण ‘अशा लोकांना साध्या कायद्याने शिक्षा होत नाही’ हा युक्तिवाद मुंबईत घरोघरी ऐकू येतो. कसाबविरुद्धचे दोषारोपपत्र २५ फेब्रुवारी २००९ रोजी, म्हणजे तीन महिन्यांत दाखल झाले. १८० दिवसांची गरज पडली नाही. त्याचा कबुलीजबाब दंडाधिकाऱ्यासमोर नोंदवला गेला. सीएसएमटीवरची छायाचित्रे, सीसीटीव्हीचे चित्रण, जखमी झालेले आणि समोर उभे राहून ओळखणारे साक्षीदार असा पुरावा होता. त्याला सरकारी खर्चाने वकील देण्यात आला. मे २०१० मध्ये विशेष न्यायालयाने शिक्षा सुनावली, ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये येरवड्यात तिची अंमलबजावणी झाली. त्याच खटल्यातील दोन भारतीय आरोपींना पुराव्याअभावी तिन्ही न्यायालयांनी निर्दोष ठरवले. शहराच्या मनात एवढा राग असताना न्यायालयाने पुरावा आणि संशय यांतला फरक जपला, आणि त्यामुळेच कसाबच्या शिक्षेवर आज कोणी बोट ठेवू शकत नाही.

आता ४३ड (५) हे कलम काय करते ते पाहू. एरवी जामिनाच्या अर्जावर न्यायाधीश तीन गोष्टी पाहतो: आरोपी पळून जाईल का, पुरावा नष्ट करील का, साक्षीदारांवर दबाव आणील का. यूएपीएच्या दहशतवादविषयक गुन्ह्यांत मात्र केस डायरी किंवा दोषारोपपत्र वाचून आरोप ‘प्रथमदर्शनी खरा’ मानायला वाजवी कारण आहे असे न्यायालयाचे मत झाले, तर जामीन देता येत नाही. ऐकायला हे रास्त वाटते. अडचण अशी आहे की केस डायरी आणि दोषारोपपत्र पोलिसांनीच लिहिलेले असते आणि आरोपीची बाजू त्यात नसते. एप्रिल २०१९ मध्ये वटाली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले की जामिनाच्या टप्प्यावर पुराव्याचा तपशिलात कीस काढू नये. तो पुढे खटल्यात टिकेल की नाही, हा प्रश्नही तेव्हा विचारू नये. म्हणजे ज्या कागदाची सत्यता तपासायची ती तपासणी खटल्यात होणार, खटला अनेक वर्षे सुरू होणार नाही, आणि तोपर्यंत तो कागद खरा धरून माणूस तुरुंगात राहणार.

हे कलम कसे लागते ते एल्गार परिषद प्रकरणात महाराष्ट्राने जवळून पाहिले. या प्रकरणात २०१८ पासून १६ जणांना अटक झाली. त्यांतील फादर स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर २०२० मध्ये रांचीत अटक झाली तेव्हा ते ८३ वर्षांचे होते आणि त्यांना पार्किन्सनचा आजार होता. हात थरथरत असल्याने पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या रुग्णालयात, जामिनाचा अर्ज उच्च न्यायालयात प्रलंबित असताना, त्यांचे निधन झाले. तोवर खटला सुरूही झाला नव्हता. ते दोषी होते की निर्दोष, हे ठरवण्याची संधीच न्यायव्यवस्थेला मिळाली नाही. त्याच प्रकरणातील व्हर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरा यांना सुमारे पाच वर्षांनी, जुलै २०२३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. केवळ काही साहित्य जवळ बाळगणे म्हणजे दहशतवादी कृत्य होत नाही आणि सादर झालेल्या पुराव्याचे वजन किमान वरवर तरी पाहिले पाहिजे, असे त्या निकालात म्हटले आहे.

न्यायालये या प्रश्नावर एकाच दिशेने चाललेली नाहीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये नजीब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाच वर्षांहून अधिक काळ कच्च्या कैदेत असलेल्या आरोपीचा जामीन कायम ठेवला. त्या खटल्यात २७६ साक्षीदार तपासायचे राहिले होते. खटला लवकर चालवण्याचा हक्क घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातून येतो आणि तो मोडला जात असेल तर ४३ड (५) आड येऊ शकत नाही, असे न्यायालयाने सांगितले. २०२४ च्या फेब्रुवारीत दुसऱ्या खंडपीठाने यूएपीएमध्ये जामीन हा अपवादच आहे असे म्हटले, तर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आणखी एका खंडपीठाने विशेष कायद्यांतही जामीन हाच नियम आहे असे सांगितले. परिणामी आरोपीचे स्वातंत्र्य त्याचा अर्ज कोणत्या खंडपीठासमोर जातो यावरही अवलंबून राहू लागले आहे, आणि कायद्याच्या राज्यात ही चिंतेची बाब आहे.

आकडे काय सांगतात? गृह मंत्रालयाने राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार २०१६ ते २०१९ या चार वर्षांत यूएपीएखाली ५,९२२ जणांना अटक झाली आणि त्याच काळात १३२ जण दोषी ठरले. खटले लांबत असल्याने हे दोन आकडे त्याच माणसांचे नाहीत, त्यामुळे त्यांचा सरळ भागाकार करणे योग्य होणार नाही. पण एवढे नक्की दिसते की अटक वेगाने होते आणि निकाल अतिशय संथपणे लागतो, आणि या दोहोंमधला काळ माणूस बहुधा तुरुंगात घालवतो. शिक्षा सुनावली जाण्याआधीच ती भोगून होते.

२०१९ च्या दुरुस्तीने आणखी एक पाऊल टाकले. तोपर्यंत दहशतवादी म्हणून फक्त संघटना घोषित करता येत होत्या. आता एखाद्या व्यक्तीलाही राजपत्रातील अधिसूचनेने दहशतवादी घोषित करता येते. पहिल्या यादीत मसूद अझहर, हाफिज सईद, झकीउर रहमान लखवी आणि दाऊद इब्राहिम ही नावे होती, आणि त्यांच्याबद्दल कोणाला सहानुभूती वाटण्याचे कारण नाही. पण तरतूद त्या चार नावांपुरती लिहिलेली नाही. घोषणेआधी सुनावणी नाही, खटला नाही. नाव काढून टाकायचे तर अर्ज त्याच केंद्र सरकारकडे करायचा आणि तो फेटाळला गेला तर सरकारनेच नेमलेल्या पुनर्विलोकन समितीकडे जायचे.

महाराष्ट्रासाठी हा विषय किती वेदनादायक आहे ते २०२५ च्या जुलै महिन्यात दिसून आले. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या उपनगरी गाड्यांत सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. मकोका न्यायालयाने २०१५ मध्ये १२ जणांना दोषी ठरवले, त्यांपैकी पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्व बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यांतील एकाचा तुरुंगातच आधी मृत्यू झाला होता. कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत आणि स्फोटात कोणत्या प्रकारचे बॉम्ब वापरले हेसुद्धा सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही, असे न्यायालयाने म्हटले. सरकारच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाचा दाखला अन्य खटल्यांत देण्यास स्थगिती दिली, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात जावे लागणार नाही हेही स्पष्ट केले. दहाच दिवसांनी, ३१ जुलैला, २००८ च्या मालेगाव स्फोटातील प्रज्ञासिंह ठाकूर आणि लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित यांच्यासह सात आरोपी विशेष न्यायालयातून निर्दोष सुटले. पुरोहित यांनी जामिनापूर्वी सुमारे नऊ वर्षे तुरुंगात काढली होती. त्याआधी २००६ च्या मालेगाव स्फोटात अटक झालेल्या मुस्लीम तरुणांना २०१६ मध्ये दोषमुक्त करण्यात आले होते. या तिन्ही प्रकरणांत आपापल्या राजकीय ओढीनुसार एका निकालावर आनंद आणि दुसऱ्यावर संताप व्यक्त झाला. पण लोकलमध्ये आणि मालेगावात ज्यांची माणसे गेली त्यांना सतरा-एकोणीस वर्षांनंतरही ‘हे कोणी केले?’ या प्रश्नाचे उत्तर मिळालेले नाही, आणि कडक कायदा हाताशी असूनही ते मिळालेले नाही.

भीतीच्या वातावरणात असा कायदा वापरण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली, तेव्हा सरकारने बाळासाहेब आणि तात्यासाहेब या नातू बंधूंना १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली पकडून स्थानबद्ध केले. त्यांच्यावर कधीही खटला चालला नाही. ७० वर्षांपूर्वीचा विसरलेला नियम तेव्हा कामी आला. १९१९ च्या रौलट कायद्याविरुद्ध ‘ना वकील, ना दलील, ना अपील’ ही घोषणा देशभर गाजली, ती याच अनुभवातून. ब्रिटनने स्वतःच्या भूमीवरही तेच केले: नोव्हेंबर १९७४ मध्ये बर्मिंगहॅमच्या स्फोटांत २१ जण ठार झाल्यावर आठवड्याभरात ‘तात्पुरत्या तरतुदीं’चा कायदा झाला, तो वर्षानुवर्षे चालू राहिला आणि २००० मध्ये त्याची जागा कायमच्या कायद्याने घेतली. त्या स्फोटांसाठी शिक्षा झालेले सहाही जण निरपराध असल्याचे निष्पन्न होऊन १९९१ मध्ये सुटले.

विशेष कायद्यातील विचार हळूहळू साध्या कायद्यात पाझरतो, ही या प्रक्रियेची दुसरी बाजू आहे आणि ती कमी दिसते. २६/११ नंतर त्याच डिसेंबरमध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याची दुरुस्ती संसदेत फारशी चर्चा न होता मंजूर झाली. सायबर दहशतवादाच्या कलमाबरोबर त्यात ६६अ हे कलमही होते, ज्यामुळे ‘त्रासदायक’ संदेश पाठवणे गुन्हा ठरले. चार वर्षांनी बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद पडल्याबद्दल फेसबुकवर लिहिणाऱ्या आणि त्याला पसंती देणाऱ्या पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली, तेव्हा या कलमाचा देशव्यापी निषेध झाला, आणि मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ११३ व्या कलमात यूएपीएतील दहशतवादी कृत्याची व्याख्या बऱ्याच अंशी तशीच आली आहे. गुन्हा यूएपीएखाली नोंदवायचा की संहितेखाली, हे पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी ठरवतो. यूएपीएची जामिनाची अट संहितेत नाही, पण यूएपीएमध्ये खटल्यासाठी सरकारची जी पूर्वपरवानगी लागते ती अटही इथे नाही.

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. मूळ विधेयकात प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करण्यास प्रोत्साहन देणे हेही बेकायदेशीर कृत्यांत मोडत होते. ज्या राज्यात १९३० मध्ये शिरोड्याला मिठाचा आणि चिरनेरला जंगलाचा सत्याग्रह झाला, तिथल्या लोकांना ही भाषा खटकणे स्वाभाविक होते. संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या आणि समितीने विधेयकाचा रोख कडव्या डाव्या संघटनांवर असल्याचे स्पष्ट करणारे बदल सुचवले. नागरिकांनी विधेयक वाचले आणि लेखी हरकती दिल्या, त्यामुळे मसुदा काही प्रमाणात बदलला, ही या साऱ्या इतिहासातील एक आश्वासक गोष्ट आहे. कायद्याला मुदत मात्र याही वेळी घातली गेली नाही.

उरतो प्रश्न चुकून तुरुंगात गेलेल्यांचा. अक्षरधाम प्रकरणातून सुटलेल्यांनी भरपाई मागितली, तेव्हा २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी ऐकण्यास नकार दिला. भारताने १९७९ मध्ये नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला तेव्हाच, बेकायदा अटकेबद्दल सरकारकडून भरपाई मागण्याचा अंमलात आणण्याजोगा हक्क आपल्या कायद्यात नाही, असे लिहून दिले होते. ऑगस्ट २०१८ मध्ये विधी आयोगाने आपल्या २७७ व्या अहवालात यासाठी स्वतंत्र कायदा करण्याची शिफारस केली: चुकीच्या खटल्यांच्या भरपाईसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष न्यायालय असावे, पैशाच्या जोडीने समुपदेशन आणि कामाचे प्रशिक्षण मिळावे, आणि त्या खटल्यामुळे नोकरीत किंवा शिक्षणात आलेली अपात्रता दूर व्हावी. त्या शिफारशीनुसार कायदा झालेला नाही.